मागील पानावरून पुढे चालू

सोसायटीत मी 'कॉम्प्युटरवाले काका' म्हणून ओळखला जातो. ही पदवी मी स्वतःला लावून घेतलेली नाही. कुणी विसरायला लागलं तर आठवण तेवढी करून देतो. प्रिंटर अडला की माणसं माझी बेल वाजवतात. मी चष्मा कपाळावर चढवतो आणि विचारतो, "बंद करून चालू केलात का?" दहातले आठ आजार या एका प्रश्नाने बरे होतात. उरलेल्या दोघांना मी गंभीर चेहऱ्याने "आता नवीनच घ्या" असं सांगतो.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा पाठिंबा संपला आणि बेल जरा जास्तच वाजू लागली. आधी स्वतःच्या मशीनवर 11 चढवून दाखवावं, मग बिल्डिंगचा उद्धार करावा असं मी ठरवलं. माझं मशीन 2019चं, आठव्या पिढीच्या प्रोसेसरचं. इंटेलवाल्यांना आठव्या पिढीपासून पुढेच या पंगतीत पान मिळतं. तिसऱ्या मजल्यावरचं मशीन सातव्या पिढीचं निघालं तेव्हा मला झालेला आनंद सहानुभूतीच्या चेहऱ्याखाली झाकायला फार कष्ट पडले.

पहिला नकार आला तो टीपीएम नसल्याचा. तो होता, बायॉसमध्ये निजला होता. उठवला. दुसरा नकार असा की, मशीन सुरू करण्यापुरता डिस्कवर जो राखीव कप्पा असतो, त्यात जागा नाही. कप्पा जेमतेम 100 एमबीचा, आणि त्यात कोण बसलंय म्हणून पाहिलं तर जपानी, कोरियन आणि चिनी लिप्यांचे फॉन्ट! मशीन सुरू होताना जपानी माणसाची गैरसोय होऊ नये, ही काळजी माझ्या मशीनने सहा वर्षं वाहिली होती. देवनागरी मात्र त्यात नव्हती. काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून मी ते सगळे फॉन्ट उडवले, आणि खरं सांगतो, थोडं राष्ट्रकार्य केल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वेळी गाडी 71 टक्क्यांपर्यंत गेली. तिथे ती दीड तास उभी राहिली आणि मग 'केलेले बदल मागे घेत आहोत' असं म्हणून मुकाट घरी परतली. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी बायको म्हणाली, "त्याला नाही जायचं तर कशाला पाठवताय?"

शेवटी मी डिस्क तपासायचा हुकूम सोडला. पाच टप्प्यांची तपासणी, खराब जागा हुडकून काढण्यासकट. 1 टीबीची डिस्क. रात्री नऊला लावली, सकाळी चहाला उठलो तरी ती चौथ्या टप्प्यातच, आणि आतून कुणीतरी नखाने पत्रा खरवडल्यासारखा आवाज. तेव्हा मात्र मी भाचीला फोन केला. ती हिंजवडीला असते. सल्ला मागायला केला असं नाही. सहज.

"मामा, बॅकअप आहे ना?"

इथे थोडी माहिती द्यायला हवी. मी बॅंकेत होतो, सांगलीला. रंगराजन समितीच्या 1984च्या अहवालानंतर बॅंकांतून लेजर पोस्टिंगची मशिनं येऊ लागली आणि यथावकाश आमच्या शाखेतही आली. तेव्हा शाखेत इंग्रजी टायपिंग येणारा तरुण ऑफिसर मी एकटा. एवढ्या भांडवलावर मला 'कॉम्प्युटर ऑफिसर' करण्यात आलं. रोज दिवसअखेर फ्लॉपीवर बॅकअप घेतल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नसे. "बॅकअप नाही म्हणजे बॅंक नाही" हे माझं वाक्य होतं. ते मी इतक्या वेळा म्हटलं की शिपाईसुद्धा कुलूप लावताना माझ्या आवाजात म्हणायचा.

तर भाचीने विचारलं, "बॅकअप आहे ना?" आणि मी म्हणालो, "म्हणजे तसा..."

"मामा, आधी ते तपासणं थांबवा. छातीत दुखतंय म्हणून कुणी पर्वती चढून बघतं का?"

या क्षणी 'मामा' या शब्दाचे दोन्ही अर्थ मला एकदम लागू पडले.

तिने एक छोटा प्रोग्रॅम घ्यायला लावला, डिस्कची नाडी बघणारा. पिवळ्या चौकोनात 'सावध' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द आला. बदलून घेतलेल्या सेक्टरांपुढे आकडा होता 128. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या डिस्कमध्ये 128 म्हणजे काय! ती म्हणाली, "मामा, तो आकडा सोळाच्या हिशोबातला आहे. आपले 296." एकशे अठ्ठाविसाचे दोनशे शहाण्णव होताना मी आजवर फक्त थकीत कर्जात पाहिलं होतं.

हे 'बदलून घेतलेले सेक्टर' प्रकरण मला फार आवडलं. बेत बिघडला तर बिघडला, पण ते सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. डिस्कचा एखादा तुकडा खराब झाला की ती बोंब मारत नाही. तिच्याकडे राखीव सेक्टर असतात. त्यातला एक ती गुपचूप कामाला लावते, आपल्या वहीत नोंद करते, आणि तुम्ही जुन्याच पत्त्यावर गेलात की तुम्हाला नव्या जागी नेऊन बसवते. तुम्हाला कळतही नाही. पूर्वीच्या डिस्का अशा नव्हत्या. आमच्या शाखेत पहिली डिस्क आली, 40 एमबीची, तर तिच्या पाठीवर कागद चिकटवलेला: अमुक अमुक ट्रॅक खराब आहेत. कारखान्यातूनच व्यंग सांगून पाठवलेली. लग्नाच्या बाजारात इतका प्रामाणिकपणा मी पाहिला नाही. पुढच्या डिस्कांनी ही यादी पोटात ठेवायला सुरुवात केली, आणि मग सगळ्याच निर्दोष दिसू लागल्या.

आणि राखीव जागेची ही युक्ती डिस्कवाल्यांची नव्हेच. ती आमच्या अण्णांची. अण्णा म्हणजे आमच्या बचत खात्याच्या लेजरवरचे ज्येष्ठ क्लार्क. लेजरच्या पानावर शाई सांडली, वाळवी लागली, कोपरा फाटला, तर अण्णा त्यावर तांबडी तिरकी रेघ मारत, खाली आद्याक्षरं करत आणि ठसठशीत लिहीत, 'शिल्लक पुढे पान 212 वर नेली'. अनुक्रमणिकेतही लगेच दुरुस्ती. शिवाय सगळं तोंडपाठ. खातेदार पायरी चढतोय तोवर अण्णा लेजर उघडून बसलेले. ताळेबंदात सहा पैशांचा फरक निघाला तर सगळी शाखा आकडेमोडीला लागायची आणि अण्णा पंख्याकडे बघत बसायचे. पाच मिनिटांनी म्हणायचे, "87 बघा. सहाचा शून्य वाचलाय कुणीतरी." असायचंच.

मग माझी मशिनं आली. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. अण्णांची कामं कधी अडली नाहीत, दिवसअखेर कधी फरक आला नाही. सात-आठ महिन्यांनी माझ्या लक्षात आलं की शेजारच्या काउंटरवरचा पोरगा हळू आवाजात आकडे वाचतो आणि अण्णा बोटांच्या सवयीने टाइप करतात. अण्णांना पडदा दिसतच नव्हता. मोतीबिंदू. पोरगा सुट्टीवर असला की कॅशियर वाचायचा. सगळी शाखा त्यांची राखीव जागा झाली होती, आणि वही कुणाजवळच नव्हती.

मी कॉम्प्युटर ऑफिसर. नियमाने वागलो. 'संगणकीय कामकाजाशी जुळवून घेण्यास असमर्थ' असा मेमो काढला. वाक्य मलाच आवडलं होतं. अण्णांनी तो हातभर लांब धरला, मग डोळ्यांजवळ आणला, आणि म्हणाले, "सही कुठं करू, साहेब?" मी बोट ठेवलं. त्यांनी सही केली.

मोतीबिंदूचं ऑपरेशन तेव्हाही मिरजेत होत होतं. सांगलीहून दहा किलोमीटर. मेमोऐवजी ते मला सुचलं नाही. डोळे त्यांनी पुढे करून घेतले, पण लेजरवर परत बसले नाहीत. जावक टपाल बघायचे. 2001च्या व्हीआरएसमध्ये गेले. निरोप समारंभात मी भाषण केलं, बॅंकेच्या संगणकीकरणावर.

असो. रविवारी भाची नवी एसएसडी आणि एक पेन ड्राइव्ह घेऊन आली. त्यातल्या प्रोग्रॅमची रीत मला पटली: जे धड आहे ते आधी भराभर वाचून घ्यायचं, दुखऱ्या जागा नकाशात टिपून पुढे जायचं, आणि शेवटी त्यांच्याकडे सावकाश परत यायचं. अकरा तास लागले. थोड्या केबींचा हट्ट सुटला नाही. काय गेलं म्हणून शोधलं, तर सोसायटीच्या वार्षिक सभेचं मी लिहिलेलं इतिवृत्त अर्ध्यात तुटलं होतं. नेमका ठराव गेला होता सोसायटीचं दप्तर माझ्याकडे सुरक्षित ठेवण्याचा.

नव्या एसएसडीवर विंडोज 11 वीस मिनिटांत बसलं. "हिच्यात खराब जागा नसतील ना?" मी विचारलं. "असतातच, मामा. ही तर पहिल्या दिवसापासून सांभाळून घेते." जुन्या डिस्कवर मी कागद चिकटवला, '296' असं लिहून, आणि ती कपाटात ठेवली. बायको म्हणते, भंगारात द्या. देणार आहे.

परवा लिफ्टमध्ये तिसरा मजला भेटला. "काका, तुमचं झालं म्हणे अपग्रेड?"

"झालं की. त्यात काय आहे?" मी चष्मा कपाळावर चढवला. "पण मी म्हणतो, तुमच्याकडे बॅकअप आहे का?"

त्यांचा चेहरा पडला. तिसरा मजला आला, दार उघडलं. मी बटण दाबून दार धरून ठेवलं आणि 128 म्हणजे 296 कसे, ते त्यांना पहिल्यापासून समजावून सांगू लागलो. खालून कुणीतरी लिफ्टसाठी दार बडवत होतं.