सातवा माणूस

दारव्ह्यात किंमत रुपयांत सांगितली तर ती कानापर्यंतच जाते. डोक्यात शिरायची तर तिचे आधी क्विंटल व्हावे लागतात. तीन रांगांची, जरा आलिशान अशी गाडी घ्यायची, असं आमच्या दादांनी बोलून दाखवलं. पुण्याहून सुट्टीवर आलेल्या त्यांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, मोबाइलवर आकडा काढला, साधारण तीस लाख. ओट्यावरच्या मंडळींनी डोळे बारीक करून हिशेब मांडला. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये. म्हणजे गाडी ३७० क्विंटलची. आमच्याकडच्या कोरडवाहू वावरात एकरी पाच-सहा क्विंटल पिकला तरी माणूस खुशीत चहा पाजतो. तेव्हा साठ ते पंचाहत्तर एकरांचं वर्षभराचं पीक, तेही बियाणं, खत, फवारणी, वेचणी कोणी फुकट करून दिली आणि हमीभाव खरोखर हातात पडला असं धरून.

"चाकं त्यातच येते ना?" एका शेजाऱ्यानं विचारलं.

शेतकरी आत्महत्यांच्या ज्या बातम्यांसाठी आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं छापून येत राहिलं, त्या ठाऊक असल्यावर इथं सनरूफवर चर्चा करताना आवाज आपोआप खाली येतो. दादांचाही आला. त्यांचं आयुष्य कृषी केंद्राच्या काउंटरमागं उभं राहण्यात गेलं, मुलगा पुण्याला, मुलगी अमरावतीला, आता सगळ्यांना घेऊन माहूर, शेगाव करावं, कारंज्याला जाऊन समृद्धी महामार्गाला लागावं आणि पुण्यामुंबईच्या बाजूला जावं, एवढीच इच्छा. वाईट काही नाही. पण ती त्यांनी उधारी मागितल्यासारख्या सुरात सांगितली.

एसयूव्ही कशाला म्हणायचं हे सरकारनं मिलिमीटरमध्ये ठरवून ठेवलं आहे. लांबी चार मीटरच्या वर, इंजिन १५०० सीसीच्या वर आणि रिकाम्या गाडीचं पोट जमिनीपासून किमान १७० मिलिमीटर उंच. अशा गाडीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि वर २२ टक्के उपकर असा पन्नास टक्क्यांचा बोजा होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्याचे सरळ ४० टक्के झाले. पुतण्या म्हणाला, "काका, हीच वेळ आहे, स्वस्त झाल्यात." चाळीस टक्के कर भरून वस्तू स्वस्त पडली म्हणणारी पिढी मी डोळे भरून पाहून घेतली. शिवाय वीस लाखांवरची डिझेल गाडी स्वतःच्या नावावर घेतली तर महाराष्ट्रात १५ टक्के रस्ता कर. तीस लाखांवर साडेचार लाख. म्हणजे आणखी पंचावन्न क्विंटल, नुसतं एमएच २९ लिहून घ्यायला.

आणि ते १७० मिलिमीटर आमच्या काळ्या मातीला कोणी कळवलेले नाहीत. आषाढात पांदणीत रुतलेल्या गाडीचा चालक कंपनीचं माहितीपत्रक काढत नाही, ट्रॅक्टरवाल्याचा नंबर काढतो.

खरं तर बसायच्या जागेची चैन दारव्ह्याला कधी ठाऊकच नव्हती. आजोबांच्या काळी लग्नाला निघायचं म्हणजे बैलांची दमणी जुंपायची. आत कडबा, त्यावर सतरंजी, बायका-पोरं आत आणि पुरुष जमेल तसे. किती माणसं बसतात हा प्रश्न कोणी विचारत नसे. नात्यात जेवढी असतील तेवढी बसत. मग शकुंतला होती. किलिक निक्सन या गोऱ्या कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि तिथून मँचेस्टरला न्यायला घातलेले अडीच फुटी रूळ, मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, आणि वाटेत आमचं दारव्हा मोतीबाग. गाडी मुळात कापसाची, माणसं हा तिचा जोडधंदा. पण १९२१ साली मँचेस्टरात बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत राबलं. पुतण्या ज्या गाडीच्या प्रेमात होता तिच्या पडद्यातलं सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुनं होतं, हे त्यानंच सांगितलं, तेही कौतुकानं.

शकुंतलेहून जास्त आठवण मात्र काळी-पिवळीची. यवतमाळ नाही तर दिग्रसच्या वाटेवर ट्रॅक्स किंवा कमांडर भरत उभी असायची. 'भरत' हे वर्तमानकाळातलं रूप तिला फार शोभायचं, कारण ती भरली असं कधी व्हायचंच नाही. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दारापाशी, एक माणूस असायचा. ड्रायव्हर मधे आणि त्याच्या डावीकडं आणखी तिघं. गिअर टाकायची वेळ आली की तो म्हणायचा, "भाऊ, पाय उचला जरा." पाय नेमका कोणाचा, हे शोधण्यात तिसरा गिअर हुकायचा. पुढं टाटा सुमो आली, १९९४ साली. सुमंत मुळगावकर या टाटांच्या मराठी कारभाऱ्याच्या नाव-आडनावातली अक्षरं घेऊन तिचं बारसं झालं होतं. तिच्या मागच्या भागात समोरासमोर दोन बाकं असत. गुडघ्यांत गुडघे अडकवून, समोरच्याच्या तोंडाकडं बघत बसावं लागे आणि समोरच्याच्या तोंडाकडं बघत माणूस किती वेळ गप्प राहील? आमच्या नात्यातलं एक लग्न त्या बाकांवर, दिग्रस यायच्या आत ठरलं. मग २००० मध्ये क्वालिस, २००५ मध्ये इनोव्हा, आणि हळूहळू सगळं खानदान पुढं तोंड करून बसायला लागलं. पाठीमागून फक्त आवाज ऐकू येतो: "एसी वाढवा हो."

एवढ्या सगळ्या वाहनांतून माणसं कमी-कमी होत गेली आहेत, हे मला नागपूरच्या एका दालनात बसल्यावर समजलं. गाड्यांच्या त्या चकचकीत घरात मोठ्या आईलाही नेलं होतं. मोठी आई म्हणजे आमची थोरली काकू. नऊवारी लुगडं, हातात काठी, आणि कोणाच्याही खर्चावर मत द्यायचा तिचा हक्क घरानं कधीच मान्य केलेला. विक्रेता तरुण मुलगा फार आदबीनं समजावत होता. एकच गाडी, एकच इंजिन, एकच रंग. सात माणसांची घेतली तर मधल्या रांगेत सलग बाक. सहा माणसांची घेतली तर तिथं कॅप्टन सीट, म्हणजे सुट्या दोन खुर्च्या, हात टेकायला दांडी आणि मधे चालायला वाट. सहावाली काही हजारांनी महाग.

"म्हंजे एक मानूस कमी बसन?" मोठ्या आईनं विचारलं.

"हो आजी, पण प्रीमियम फील येतो."

"अन् पैसे जास्त?"

"थोडेसेच, आजी."

मोठी आई पुतण्याकडं वळली. "मंग रिकामीच घे ना रे बाबू, अजून महाग भेटन!"

तिला हसण्यावारी न्यायची आमच्याकडं पद्धत आहे आणि आम्ही हसलोही. पण आलिशान गाड्यांचा सगळा कारभार तिनं तेवढ्यात मोजून टाकला होता. काळी-पिवळीत पंधरा, सुमोत दहा, सात जणांच्या गाडीत सात आणि त्याच गाडीला ऐट आणायची तर सहा. चैन म्हणजे मऊ कातडं, चैन म्हणजे काचेचं छत, असं आपण समजतो. माहितीपत्रकात बारकाईनं बघितलं तर चैन म्हणजे शेजारी कोणी नसणं. (काचेच्या छताबद्दलही तिचं मत झालं होतं. "टपाले भोक पाडाचे पैसे घेते का?" मे महिन्यात पंचेचाळीस अंशांचा पारा डोक्यावर घेणाऱ्या जिल्ह्यात हा प्रश्न मला तरी चुकीचा वाटला नाही.)

तिसऱ्या रांगेबद्दल कंपन्या फार कमी बोलतात. ती मागच्या चाकांवर बसवलेली असते, त्यामुळं रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा तिला थेट भेटतो. खालची फरशी उंच आणि बैठक बुटकी, म्हणून गुडघे छातीशी येतात. खिडकी उघडत नाही. ती रांग उभी केली की डिकीत दोन पिशव्या आणि एक लोणच्याची बरणी राहते, बॅगा टपावर. तरीही घराघरांत गाडी ठरते ती तिसऱ्या रांगेसाठीच, आणि पहिल्या आठवड्यात ती पाडून तिच्यावर खताची पोती ठेवली जातात.

तिथं बसायचं कोणी, याचा कायदा मात्र सगळ्या घरांत सारखा. जावईबापू पुढं. मोठी माणसं मधे. सून मागं, कारण ती वाकून जाऊ शकते. पोरं मागं, कारण त्यांना कोणी विचारत नाही. लग्न न झालेला दीर मागं, कारण त्याला विचारलं तर तो लग्नाचं काढेल. एखाद्या घरातली नवी सून पहिल्यांदा मधल्या रांगेत बसली की समजावं, घरात सत्तांतर झालं. आमची वहिनी सून म्हणून आली तेव्हा सुमोच्या मागच्या बाकावर बसली होती. आता स्वतःची सून मागं बसणार का, यावर तिनं कोणतंही मत दिलं नाही. ती फक्त म्हणाली, "मागं एसीचा झोत येतो का, तेवढं बघा." मला ते घराण्यातलं मोठं परिवर्तन वाटलं.

पुतण्याला फॉर्च्युनर हवी होती. उंच, पांढरी, रस्त्यावर आली की समोरच्यानं बाजूला व्हावं अशी. दादांनी नकार दिला आणि त्याचं कारण इंजिनात नव्हतं. आमच्याकडं पांढरी फॉर्च्युनर दाराशी लागली की लोक पेढे खात नाहीत, कोणत्या पक्षाकडून उभे राहता ते विचारतात. विचारून थांबले तरी ठीक. दुसऱ्या दिवशी गणपती मंडळवाले पावतीपुस्तक घेऊन येतात. शिवाय तिच्यात चढताना मोठ्या आईनं काठी दादांच्या हातात दिली, पायदानावर एक पाय ठेवला, वर बघितलं आणि पाय परत खाली घेतला. "हे गाडी नाई बाप्पा, माळवद हाय." नाशिकची स्कॉर्पिओ, चाकणची एक्सयूव्ही, पुण्याची सफारी, सगळ्यांची दारं उघडून झाली. दादा प्रत्येक गाडीभोवती बैलजोडी पारखायला आल्यासारखे फिरले, टायरला हात लावला, वाकून पोटाखाली बघितलं. दात तेवढे मोजले नाहीत.

नागपूरहून परतताना पुतण्यानं तेव्हाच्या औरंगाबादची गोष्ट सांगितली. ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या मंडळींनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज एकाच वेळी घेतल्या, सुमारे ६५ कोटींचा सौदा, स्टेट बँकेचं कर्ज. मराठवाड्यातलं एक शहर त्या दिवशी जगभरच्या बातम्यांत आलं. मला त्या गाड्यांपेक्षा एवढ्या घरांचं एका वस्तूवर एकमत झालं याचंच नवल वाटत आलंय. इथं एका घरातली माणसं रंगावर अडली होती.

शेवटी गाडी माणसं मोजून घ्यावी, असं ठरलं. आणि तिथंच घोळ झाला, कारण प्रत्येकाची मोजणी वेगळी. पुतण्या म्हणाला, घरात राहता तुम्ही तिघं, आम्ही आलो तर पाच. दादांनी लेक-जावई धरून सात केले. मोठ्या आईनं बोटांची पेरं मोजायला घेतली. महालक्ष्म्यांना कोण कोण येतं, दिवाळीत कोण राहतं, उन्हाळ्यात कोणाची पोरं असतात, अमरावतीच्या लेकीचं लहानगं आता मांडीवर मावत नाही. तिची एका हाताची पेरं संपली, तेव्हा ती दुसऱ्या हातावर गेली. पुतण्या म्हणाला, "आजी, ती माणसं वर्षातून आठ दिवस असतात." यावर तिनं मोजणं थांबवलं नाही, फक्त आवाज वाढवला.

मग दादा एका संध्याकाळी मुकाट्यानं यवतमाळला गेले, इनोव्हा हायक्रॉस बघून आले. ती दिसायला एसयूव्ही, बसायला जुनी इनोव्हा. पाय ठेवायला उंच नाही, मागं तिघांना बऱ्यापैकी जागा, पेट्रोलसोबत बॅटरीवरही पळते. पुतण्याचा चेहरा पडला. "दादा, ही गाडी विमानतळावर टॅक्सीला असते."

"मंग विमानतळावर जाणारे काय उभ्यानं जाते का?" मोठी आई म्हणाली. आणि दादांना विचारलं, "हे किती मानसांची?"

"सातची. मधे सुट्या खुर्च्या, मागं तिघं."

"आठाची येत नाई?"

दादांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडचा मुलगा म्हणाला, येते ना, मधे सलग बाक असतो. फक्त सगळ्यात वरच्या मॉडेलमध्ये मिळत नाही साहेब, खालच्या मॉडेलमध्ये मिळते.

"म्हंजे स्वस्तातली?" मोठ्या आईनं खात्री करून घेतली.

"हो आजी."

"घ्या मंग," ती म्हणाली, आणि बोटांच्या पेरांवर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.