थेंबे थेंबे इंग्रजी

पाणी धो धो वाहत असेल तर इंग्रजी भाषा हात फारसा सैल सोडत नाही. एखादं 'फ्लो', एखादं 'गश' म्हटलं की भागतं. तेच पाणी कंजूषपणा करू लागलं की मात्र तिला उत्साहाचं भरतं येतं. ड्रिप, ड्रिबल, ट्रिकल, सीप, ऊझ, लीक, पर्कोलेट... पाणी जितकं कमी, तितकी क्रियापदं जास्त! बारा महिने भुरभुर पाऊस पडणाऱ्या देशात दुसरं काय होणार? आपणही ठिबकतो, झिरपतो, पाझरतो, निथळतो. पण आपण ही क्रियापदं घरगुती कामांनाच ठेवली. इंग्रजीनं स्वतःच्या क्रियापदांना पार अर्थखात्यापर्यंत नोकऱ्या लावून दिल्या.

आता 'ऊझ' घ्या. जखमेतून पू बाहेर येतो ते ऊझ. आणि देखण्या नटाच्या अंगातून मोहकपणा बाहेर येतो तेही ऊझच. अशी स्तुती वाचली की मला आधी कापूस आणि आयोडिन आठवतं. 'ड्रिप'चं नशीब त्याहून चमत्कारिक. एके काळी नेभळट, कंटाळवाण्या माणसाला ड्रिप म्हणून हिणवायचे. आजची पोरं झोकदार कपड्यांना ड्रिप म्हणतात. परवा एका लग्नात भाचा म्हणाला, "मामा, काय ड्रिप आहे!" मी आधी छताकडे पाहिलं.

छताकडे पाहण्याची ही सवय आमच्या सोसायटीनं लावली. पावसाळ्यातल्या प्रत्येक मीटिंगचा विषय एकच: भिंतीवर आलेली ओल म्हणजे लीकेज की सीपेज? शब्दकोशाला हा फरक बारीक वाटेल, पण आमच्याकडे त्यावर वॉटरप्रूफिंगचं बिल ठरतं. लीकेज असेल तर पाणी वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधलं, पैसे वरच्यांचे. सीपेज असेल तर ते बाहेरच्या भिंतीतून आलेलं, पैसे सगळ्यांचे. "हे सीपेज आहे हो, शंभर टक्के सीपेज," वरच्या मजल्यावरचे काका घरच्या तुपाची हमी द्यावी तसं सांगतात. "काका," सेक्रेटरी शांतपणे म्हणतात, "सीपेजला चंदनाच्या साबणाचा वास येत नाही."

बातमी लीक होते तेव्हा मात्र साबणाचा वासही सापडत नाही. त्या शब्दाची खुबीच ती. आपल्याकडे पेपर फुटतो, त्यांच्याकडे लीक होतो. कुणी केलं, हे दोन्हीकडे व्याकरण सांगत नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी ही उपमा भलतीच मनावर घेतली. 1971 साली व्हिएतनाम युद्धाची गुप्त कागदपत्रं वर्तमानपत्रात आली, तेव्हा व्हाइट हाउसनं गळती थांबवायला एक गुप्त पथक नेमलं. गळती काढणारे म्हणून ते स्वतःला प्लंबर म्हणवत. इथवर ठीक. पण त्यांनी कार्यालयाच्या दारावर चक्क प्लंबर अशी पाटी लावली! गुप्त पथकाची पाटी! पुढच्या वर्षी याच मंडळींपैकी काही जण वॉटरगेटच्या घरफोडीत अडकले, आणि ते प्रकरण इतकं गळलं की 1974 मध्ये अध्यक्षांनाच राजीनामा द्यावा लागला. नळ दुरुस्तीला आलेल्या माणसानं जाताना मेन लाइन फोडून जावी, हा अनुभव अमेरिकेच्या अध्यक्षांनाही चुकला नाही, याचं एक मध्यमवर्गीय समाधान मला आहे.

क्रियापदांच्या या कुटुंबातलं सगळ्यात वजनदार अपत्य मात्र 'ट्रिकल'. वरच्यांना भरभरून द्या, खालच्यांपर्यंत आपोआप झिरपेल, हा तो प्रसिद्ध ट्रिकल-डाउनचा विचार. गंमत म्हणजे या शब्दाला नाव मिळवून देणारा माणूस अर्थतज्ज्ञ नव्हता, विनोदवीर होता. विल रॉजर्स यांनी महामंदीच्या काळात, 1932 साली, अध्यक्ष हूवर यांची त्यावरून टर उडवली. हूवर पडले इंजिनिअर, पाणी खाली झिरपतं हे त्यांना ठाऊक होतं. पैसा वर झिरपतो हे नव्हतं, असा एकूण आशय. आजही ट्रिकल-डाउन हा शब्द बहुधा विरोधकच वापरतात. ज्यांचा त्या धोरणावर विश्वास असतो, ते काहीतरी सुकं नाव शोधतात.

पण रॉजर्स यांच्या अर्धशतक आधी आपल्या महात्मा फुल्यांनी हा नळ तपासला होता. मेकॉले यांच्या 1835 च्या टिपणात मूठभर लोकांना इंग्रजी शिक्षण द्यावं आणि त्यांनी ते ज्ञान पुढे जनतेपर्यंत न्यावं, अशी योजना होती. तिला नाव पडलं 'डाउनवर्ड फिल्ट्रेशन', म्हणजे गाळणी. 1882 साली फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिलं, त्यात या व्यवस्थेचा हिशेबच मागितला. वरच्या वर्गांनी शिकून खालच्यांसाठी काय केलं, असं विचारून त्यांनी वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, असं सांगितलं. थोडक्यात, गाळणी काढा आणि थेट पाइप टाका! गाळणीतून खाली चोथा येत नाही, तो वरच राहतो, हे गाळणीचं समर्थन करणाऱ्यांच्या कसं लक्षात आलं नाही, कोण जाणे.

संथ वाहण्याचा नीट हिशेब ठेवलाय तो ऑस्ट्रेलियात. क्वीन्सलँड विद्यापीठात थॉमस पार्नेल यांनी 1927 साली तापवलेलं डांबर नरसाळ्यात ओतलं, ते स्थिरावायला तीन वर्षं दिली आणि 1930 मध्ये नरसाळ्याचं बूड कापलं. पहिला थेंब पडला 1938 मध्ये. पुढे कित्येक दशकं हे नरसाळं सांभाळणाऱ्या जॉन मेनस्टोन यांना एकही थेंब पडताना दिसला नाही. 1988 मध्ये ते जरा काही प्यायला बाहेर गेले, तेवढ्यात थेंब पडला. 2000 मध्ये कॅमेरा लावला, तर ऐन वेळी कॅमेराच बंद! 2014 मध्ये नववा थेंब खालच्या आठव्याला जाऊन टेकला, तेव्हा खालचं भांडं बदलायला घेतलं आणि त्या हिसक्यानं थेंब तुटला.

डांबराचं ठीक आहे. पण ट्रिकल-डाउनखालचं भांडं भरलं आणि बदलावं लागलं, अशी बातमी अजून कुठूनही लीक झालेली नाही.