घरपोच चरित्र

नेत्याचं चरित्र वाचायचं तर आधी विकत घ्यावं लागतं, निदान वाचनालयातून तरी आणावं लागतं. इटलीच्या सिल्व्हिओ बेर्लुस्कोनींनी जनतेचे हे कष्ट वाचवले. २००१ च्या निवडणुकीआधी त्यांचं गुळगुळीत कागदावरचं सचित्र चरित्र लाखो घरांत टपालाने येऊन पडलं. मागणी नसताना पुरवठा करणं उद्योगपतीलाच जमतं. आपल्याकडच्या गौरवग्रंथांना बिचारं संपादक मंडळ असतं, प्रकाशन समारंभ असतो, आणि मग उरलेल्या प्रती कार्यकर्त्यांच्या माळ्यावर चढतात.

कथानायकाचा प्रवास मात्र खरोखर चित्तवेधक. मिलानचा मध्यमवर्गीय मुलगा, जहाजावर गाणी म्हणणारा तरुण, मग बिल्डर, मग खासगी वाहिन्यांचा मालक, १९८६ पासून ए. सी. मिलान या फुटबॉल क्लबचाही. १९९४ मध्ये पक्ष काढला आणि काही महिन्यांत पंतप्रधान! एवढं सगळं करून माणसाला हसऱ्या मुद्रेने फोटोला उभं राहायला वेळ कसा मिळतो, हेच खरं कोडं.

अशा चरित्राचं परीक्षण कुठे छापून आणायचं, हा आणखी एक प्रश्न. देशातल्या तीन मोठ्या खासगी वाहिन्या तेव्हा त्यांच्या होत्या, आणि मोंदादोरी ही नामांकित प्रकाशनसंस्थाही त्यांच्याच उद्योगसमूहाची.

निवडणूक ते अर्थातच जिंकले. २०१३ मध्ये करचुकवेगिरीची शिक्षा कायम झाली आणि पुढे वृद्धाश्रमात समाजसेवा करावी लागली. त्या प्रकरणाची पुरवणी मात्र कोणाच्या घरी आली नाही.