मेंबरकाका

आमच्या घराण्यात त्यांना सगळे मेंबरकाका म्हणतात. खरं नाव आता फक्त लग्नपत्रिकेवर घालायला उरलंय. असा एक काका तुमच्याही नात्यात असणारच, त्यामुळे ओळख करून देण्यात वेळ घालवत नाही. परदेशात चाळीस-पन्नास वर्षं काढलेला, भारतातून कुणी आलं की त्याला दमेपर्यंत देश दाखवणारा, आणि दाखवताना देशापेक्षा देशाच्या पार्किंगचं कौतुक जास्त करणारा.

मी आणि आई हीथ्रोला बाहेर आलो तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आईचे पाय सुजलेले, माझे डोळे मिटत होते. काका हसतमुखाने पुढे आले, वाकून वहिनींना नमस्कार केला आणि म्हणाले, "विमान वेळेवर आलं, फार छान झालं. वाटेत ऑस्टर्ली करून घेऊ."

मला वाटलं, हे एखाद्या इमिग्रेशनच्या कागदाचं नाव असेल. ते निघालं ऑस्टर्ली पार्क, म्हणजे विमानतळाजवळचा एक भला थोरला वाडा. बॅग गाडीत, आम्ही वाड्यात. चाइल्ड नावाच्या पेढीवाल्या घराण्याचा हा वाडा रॉबर्ट ॲडम नावाच्या वास्तुशिल्पकाराने अठराव्या शतकात नव्याने सजवला, हे मला जांभयांच्या मधे कळलं. आई एका खुर्चीकडे आशेने सरकली, तर खुर्चीवर काटेरी वाळकं बोंड ठेवलेलं.

"कुणी बसू नये म्हणून," काका कौतुकाने म्हणाले. "पुण्यात पाटी लावली असती. दोन ओळी अपमान, खाली हुकुमावरून. इथं एक बोंड. शब्द नाही!"

आईने त्या बोंडाकडे असं पाहिलं की ते पुण्याचंच असतं तर उठून गेलं असतं.

बाहेर आल्यावर काकांनी खिशातून एक छोटी डायरी काढली. चार रकाने आखलेले: तारीख, ठिकाण, तिकीट अधिक पार्किंग, आणि चौथा 'वसूल'. त्यात आकडे भरले, बेरीज केली आणि समाधानाने टोपण लावलं. तेव्हा कळलं, की आपण पाहुणे नसून आकडे आहोत.

तर प्रकरण असं. इंग्लंडात नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था आहे. १८९५ साली तिघांनी मिळून काढली. आज पन्नास लाखांहून जास्त सभासद आहेत. वर्षाची वर्गणी एकदा भरली की ट्रस्टच्या शेकडो वाड्यांत, बागांत प्रवेश फुकट, गाडी लावणं फुकट. हे वाडे ट्रस्टकडे आले कसे, हे काका आपल्या भाषेत सांगतात: "आपल्याकडे इनामदारांना कुळकायद्याने घेतलं, इथं वारसाकराने. बाप मेला की कर भरायला पैसे नाहीत. मग १९३७ साली कायदा केला. वाडा ट्रस्टला द्या आणि वर दोन खोल्यांत तुम्हीच राहा. तिकीट काढून लोक तुमचे पूर्वज बघतील." यात कायद्याचे बारकावे निसटत असतील, पण इनामदारांचं दुःख बरोबर पोहोचतं.

काकांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं. मेअखेरीस वर्गणी वसूल होते. जूनपासून पुढे निव्वळ नफा. या हिशेबात पेट्रोल धरलेलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "पेट्रोल हा वेगळा विषय आहे." पाऊसही वेगळा विषय आहे. स्टूरहेडला आम्ही धो-धो पावसात गेलो. हेन्री होअर नावाच्या बँकवाल्याने अठराव्या शतकात नदी अडवून तिथं तळं केलं आणि काठावर ग्रीक-रोमन पद्धतीची देवळं बांधली. तळ्याला पूर्ण फेरी. छत्र्या उलट्या झाल्या, काकूंच्या बुटांतून बेडकासारखा आवाज येऊ लागला. आईने पहिलं देऊळ दिसल्यावर सवयीने विचारलं, "भावजी, देव कुठला?"

"देव नाही, वहिनी. नुसतं देऊळ."

"मग प्रदक्षिणा कशाला घालतोय?"

काकांनी घड्याळ बघितलं. "अजून अर्धी राहिलीय," ते म्हणाले.

पण काकांची खरी प्रतिभा दिसते ती टी-रूममध्ये. प्रत्येक वाड्याच्या तबेल्यात, स्वयंपाकघरात नाहीतर फुलझाडांच्या काचघरात आता चहाची खोली असते. बाग सभासदाच्या कार्डावर, चहा मात्र रोख. "हीच तर गंमत आहे," काका म्हणतात. "दार उघडं ठेवायचं आणि घसा कोरडा पाडायचा. साम्राज्य उगीच नाही उभं केलं यांनी." त्यावर काकांनी काढलेली तोड अशी: चौघांत एका माणसाची किटली मागवायची. कप चार. किटली संपत आली की मुलीला हाक मारून, अत्यंत गोड इंग्रजीत, थोडं गरम पाणी मागायचं. इंग्लंडात चहाच्या किटलीत वरून घालायला गरम पाणी मागितलं तर त्याचे पैसे लावत नाहीत. हा शोध काकांनी किती साली लावला कोण जाणे, पण तो ते न्यूटनच्या पंक्तीत बसवतात.

पहिलं पाणी: चहा. दुसरं पाणी: चहासारखं काहीतरी. तिसरं पाणी: आठवण. चौथ्या पाण्याला काकू उठून शेजारच्या दुकानात जुनी पुस्तकं बघायला जातात. पहिल्या दहा दिवसांत आम्ही नऊ वाडे केले आणि सत्तावीस वेळा गरम पाणी मागवलं. हे मी मोजलं, म्हणजे मलाही ती लागण झालीच होती.

सोबत एक स्कोन. स्कोन म्हणजे आपल्या नानकटाईने पाव व्हायचं ठरवून अर्ध्यात विचार बदलला, तर जे होईल ते. त्यावर जॅम आणि साईसारखं घट्ट क्रीम. आधी क्रीम की आधी जॅम यावर इंग्लंडच्या दोन जिल्ह्यांत हाडवैर आहे: डेव्हनवाले आधी क्रीम लावतात, कॉर्नवॉलवाले आधी जॅम. आपल्याकडे मिसळीवरून जसे पुणे-कोल्हापूर भिडतात तसंच. काका या वादात पडत नाहीत. ते स्कोनचे चार भाग करतात. एवढ्याशा भागावर जे आधी लागेल ते लागेल.

अकराव्या दिवशी मी बंड केलं. सेझिनकोट नावाची एक इस्टेट आहे, कॉट्सवोल्ड्सच्या टेकड्यांत, मोरटन-इन-मार्श गावाजवळ. फोटोत पाहिलं होतं: इंग्रजी हिरवळीवर तांब्याचा कांद्यासारखा घुमट, मोगली छज्जे आणि बागेत नंदी. म्हटलं, इथं जाऊ.

काकांचा चेहरा उतरला. "ते खासगी आहे."

"म्हणजे बघायला मिळत नाही?"

"मिळतं. पण..." त्यांनी आवाज खाली आणला, "कार्ड चालत नाही."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "बत्तीस वर्षं हेच ऐकतेय." मग त्यांनी कोट घातला आणि दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. काकूंनी कोट घातल्यावर वाद संपतो, एवढं मला एव्हाना कळलं होतं.

दीड तासाच्या प्रवासात काका एक शब्द बोलले नाहीत. तिकिटापाशी त्यांचा हात सवयीने कार्डाकडे गेला, थांबला आणि दुसऱ्या खिशात गेला. त्यांनी चार तिकिटं काढली. आमच्या हातात एकेक देताना ती बोटांच्या टोकांत धरली होती, अस्थी दिल्यासारखी.

आणि मग झाडीतून तो घुमट दिसला. आई थबकली. "अगोबाई, हे तर विजापूर!"

विजापूर नव्हे, पण तिचा गोंधळ रास्त होता. आज पहिल्यांदा काकांना माहिती नव्हती, म्हणून मी सांगू लागलो. ईस्ट इंडिया कंपनीतला कर्नल जॉन कॉकरेल बंगालमधून परतला आणि १७९५ साली त्याने ही जमीन घेतली. तीन वर्षांत तो गेला. जागा पुढे धाकट्या भावाकडे आली, चार्ल्सकडे. तोही कंपनीचाच माणूस. १८०५ च्या सुमारास त्याने हे घर बांधवून घेतलं, तेही आपल्याच तिसऱ्या भावाकडून, सॅम्युअलकडून. बागेसाठी सल्ला द्यायला टॉमस डॅनियल होता. हा चित्रकार पुतण्याला घेऊन वर्षानुवर्षं हिंदुस्थानभर चित्रं काढत हिंडला होता. १८०७ साली युवराज इथं येऊन गेला, आणि पुढे ब्रायटनला त्याचा तो प्रसिद्ध घुमटांचा महाल उभा राहिला.

"बाहेरून मोगल," मी म्हणालो, "आतून मात्र सगळं ग्रीक पद्धतीचं."

"म्हणजे बाहेर फेटा, आत सूट," काकू म्हणाल्या.

"आणि हा चार्ल्स कंपनीत कोण होता?" काकांनी विचारलं.

"कलकत्त्याचा पोस्टमास्टर जनरल. बरोबरीने सावकारी पेढीत भागीदारी."

काका चालता चालता थांबले. "पोस्टमास्टर?"

"हो."

काही बोलले नाहीत. बागेतून ओहोळ वाहतो, त्यावर पूल, पुलाच्या कठड्यांवर नंदी बसलेले. खालचे खांब घारापुरीच्या लेण्यांच्या धर्तीवर घडवलेले. वरच्या अंगाला तळ्याकाठी सूर्याचं छोटं देऊळ. त्यात खरोखरच सूर्यनारायण. आईने चपला काढून हात जोडले. स्टूरहेडला बुडालेली प्रदक्षिणा तिने इथं भरून काढली असणार.

काका नंदीपाशी मागे राहिले होते. वळून पाहिलं तर ते वाकलेले, एक डोळा मिटलेला. शंकराच्या देवळात शिंगांवर दोन बोटं ठेवून आपण त्यामधून पिंड बघतो, तसे. पण वस्तूला हात लावायचा नाही हे अंगात भिनलेलं, त्यामुळे बोटं शिंगांच्या अलीकडे, हवेतच धरलेली. समोर पिंड नव्हती. झाडी होती.

"नंदी इथं आणि महादेव तिथं," ते सरळ होत म्हणाले. "दोनशे वर्षं बसलाय वाट बघत." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता: "आमचे अण्णा एकतीस वर्षं पोस्टमास्तर होते. वाईला, मग फलटणला, शेवटी साताऱ्याला. रिटायर झाले तेव्हा मिळालं काय, तर भिंतीवरचं एक घड्याळ. घरी पाच भावंडं. सकाळच्या चहाची पावडर आई फेकायची नाही, दुपारी त्यातच पुन्हा पाणी ओतायची. आम्ही त्याला दुसरं पाणी म्हणायचो. तिसरं कधी कधी, पाहुणे आले तर."

मी सत्तावीस हा आकडा मनातल्या मनात गिळला.

"हा पण पोस्टमास्तरच," काका घुमटाकडे बघत म्हणाले. "काय मेंबरशिप असेल रे कंपनीची?"

"काय माहीत."

"वसूल केली मात्र."

एवढं बोलून ते चहाकडे वळले. चहा घराला लागून असलेल्या ऑरेंजरीमध्ये मिळतो. लांबलचक, वळत गेलेली काचेची गॅलरी, खिडक्यांच्या माथ्यावर मोराच्या पिसाऱ्यासारखी नक्षी. काकांनी मुलीला बोलावलं आणि चौघांसाठी चार किटल्या सांगितल्या. चार स्कोन. काकूंनी त्यांच्या कपाळाला हात लावून बघितला.

प्रत्येकाच्या पुढ्यात आपापली किटली आली. पूर्ण स्कोन हातात आल्यावर काय करायचं हे आम्हाला सुचेना. आईने सवयीने चार तुकडे केले आणि तीन आम्हाला वाटायला निघाली. काकांनी आपल्या स्कोनला आधी जॅम लावला, मग क्रीम. शेवटी कॉर्नवॉलची बाजू घेतली म्हणायची. त्यांनी दोन कप मन लावून घेतले, किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. मुलगी जवळून जात होती. मी श्वास रोखला.

"एक्स्क्यूज मी," काका अत्यंत गोड इंग्रजीत म्हणाले, "थोडं गरम पाणी मिळेल?"

मीच माझा कप पुढे केला.

परतीच्या वाटेवर पेट्रोल भरायला ते उतरले, तेव्हा डायरी सीटवर पडली होती. बघू नये, पण बघितली. तारीख, ठिकाण सेझिनकोट. तिसऱ्या रकान्यात चार तिकिटं आणि चार किटल्या, लाल शाईत. 'वसूल'च्या रकान्यात आकडा नव्हता. अण्णांच्या पोस्टात गिरवलेल्या वळणदार अक्षरांत दोन शब्द होते: येणे बाकी.