फाइव्ह पॉइंट वन भावोजी

आमच्या भावोजींच्या घरात होम थिएटर नाही. तेवढं सोडलं तर होम थिएटरसंबंधीचं सगळं आहे. वही आहे, मोजपट्टी आहे, भाचीच्या कंपासपेटीतून कायमचा उसना घेतलेला कोनमापक आहे आणि दहा बाय बाराच्या हॉलचा एक नकाशा आहे. इतकी मापं बिल्डरनेही घेतली नसतील. बजेट तीस हजार. हा आकडा ताईचा, त्यामुळे तो हलत नाही.

मुळात तक्रारही ताईचीच. सिनेमातली माणसं काय बोलतात ते ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवावा, तर नेमकी तेव्हाच गाडी उडते आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येतात. भावोजींनी याचं कारण शोधून काढलं आणि ते खरंही आहे. पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर, म्हणजेच फाइव्ह पॉइंट वन, धरून सिनेमाचा आवाज बनवलेला असतो. त्यात संवाद बहुतेक मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरच्या वाट्याला येतात. टीव्ही ते सगळं आपल्या दोन किरकोळ स्पीकरांत कोंबतो, आणि टीव्ही पातळ झाल्यापासून त्यांची तोंडंही खाली नाहीतर मागे. "सैराटच्या संगीतासाठी अजय-अतुल पार हॉलिवूडच्या स्टुडिओत गेले," भावोजी कळवळून म्हणतात, "आणि आपण ते भिंतीला ऐकवतो!"

एखादा संसारी माणूस इथे साउंडबार आणून मोकळा झाला असता. पण साउंडबार हा शब्द भावोजींसमोर काढू नये. काढलाच, तर जेवायला थांबायची तयारी ठेवावी.

पुण्याच्या तपकीर गल्लीत त्यांना आता ओळखतात. "या साहेब, आज ऐकायचंय की घ्यायचंय?" असं स्वागत होतं. खोक्यावर छापलेले हजारो वॉट बघून भावोजी नुसते हसतात. "हे पीएमपीओ झाले, क्षणभराचे. आरएमएस, म्हणजे सलग मिळणारे, किती ते बोला." मग शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या पोराला समजावतात की वॉट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम कळेल इतका. पोरगा हातातलं खोकं खाली ठेवतो. अलीकडे दुकानदार त्यांना चहा आतल्या खोलीत पाजतो, तो आदरापोटी असं भावोजींना वाटतं.

त्यांचं एकही वाक्य चुकीचं नसतं, हीच खरी पंचाईत. डब्यात मिळणाऱ्या सहाच्या सहा हलक्या स्पीकरांपेक्षा आधी पुढचे दोन चांगले घ्या, बाकीचे सवडीने जोडा. सेंटरमध्ये कंजुषी नको. वायर पुरेशी जाड घ्या, पण सोन्याचा मुलामा दिलेल्या पिनांना भुलू नका. बुकशेल्फ स्पीकर नावाला बुकशेल्फ, त्यांना दिवाळी अंकांच्या कपाटात कोंबलं तर आवाज गुदमरतो. हे ऐकून तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी सेट आणला. समोरच्या विंगमधल्या बँकवाल्यांनीही आणला, आणि त्यांचा फारच छान वाजतो. भावोजी दोघांकडे जाऊन स्पीकर इंचभर सरकवून येतात.

स्वतःच्या घरी मात्र गाडी रिसीव्हरपाशी, म्हणजे सगळे स्पीकर ज्याला जोडायचे त्या खोक्यापाशी, अडते. नव्याची किंमत विचारली की तीस हजार तिथेच संपतात. जुना घ्यावा, तर त्याचं एचडीएमआय किती दिवस चालेल याची हमी कोण देणार? त्यातून सुटले, तर मागच्या स्पीकरांचा कोन. बसल्या जागेपासून एकशे दहा अंश हवेत. डाव्या हाताला तिथे बाल्कनीचं सरकतं दार येतं आणि उजव्या हाताला देव्हारा. भावोजींच्या आईंनी एका वाक्यात निकाल दिला, "देवाच्या डोक्यावर बॉम्ब फुटलेले मला चालणार नाहीत."

मग गेल्या रविवारी त्यांनी डॉक्टरांचा सबवूफर उसना आणला. सबवूफरची जागा शोधायची एक रीत आहे आणि ती थट्टा नव्हे, जाणकार लोक खरंच असं करतात. आपण जिथे बसतो तिथे सबवूफर ठेवायचा, खर्जाचा आवाज लावायचा आणि स्वतः खोलीभर रांगत फिरायचं. जिथे खर्ज स्वच्छ आणि भरीव ऐकू येईल, ती त्याची जागा. त्यामुळे सोफ्यावर सबवूफर बसला आणि पन्नाशीचे भावोजी लुंगी सावरत, कान टवकारून भिंतीकडेने निघाले. ताई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. आई म्हणाल्या, "लहानपणी हा रांगलाच नाही, एकदम उभा राहिला."

टीव्हीखाली खर्ज घुमत होता, बाल्कनीपाशी तो गायबच झाला. एका कोपऱ्यात भावोजी थांबले, मागे सरकले, पुन्हा पुढे आले आणि त्यांचा चेहरा उजळला. "इथे! बरोब्बर इथे!"

तिथे फ्रीज होता.

"अहो, फ्रीज हलणार नाही," ताई म्हणाली.

मला वाटलं, आता बिचारे खचतील. पण भावोजी गुडघे झटकत उठले, वहीचं कोरं पान उघडलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "फ्रीजच्या शेजारी वीतभर जागा उरते बघ. म्हणजे छोटा, बंद पेटीचा सबवूफर बघावा लागणार. आपण इतके दिवस भोकाच्या पेटीचाच विचार करत होतो! शनिवारी मोकळा आहेस ना?"