सर्वनामांचे सर

खोपोलीला उतरा, चौकला उतरा, नाहीतर खालापूर फाट्यावर. 'इंग्लिश ग्रामर, पहिली ते दहावी, रिझल्टची हमी' असा फ्लेक्स दिसतोच आणि फ्लेक्सवर सर असतातच. सर स्वतः इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं त्या काळातले, तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसलेले. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं तेव्हा सरांनी लहानग्यांसाठी हळहळ व्यक्त केली आणि आणखी चार बाक करून घेतले.

सरांचा जीव सर्वनामांत. नाम काय, आईबापांनी ठेवलेलंच असतं. माणूस कळतो तो सर्वनामावरून, असं त्यांचं मत. शिकवणी पाढ्यांसारखी चालते. ''ही, हिज, हिम, हिज! शी, हर, हर...'' इथे मागच्या बाकावरून ''महादेव!'' येतं आणि पाठोपाठ खडू जातो.

''सर, शी इज लेट,'' कर्जतहून येणारा पोरगा लोकलबद्दल सांगतो.

''गाडी निर्जीव. इट म्हणायचं. जहाजाला शी चालतं, पण खोपोलीला जहाज येत नाही, तेव्हा ते ऑप्शनला टाका.''

'यू'चा धडा सर रंगवून सांगतात. इंग्रजांकडेही पूर्वी 'तू'साठी 'दाऊ' होतं, ते मागे पडलं. आता शिपाई असो की तहसीलदार, सगळ्यांना एकच यू! मात्र खुद्द तहसीलदार बक्षीस समारंभाला आले, की सरांच्या तोंडून यू फुटत नाही. ''साहेब मे प्लीज सिट हिअर,'' म्हणत ते स्वतःच खुर्ची पुसतात.

टपरीवर बसल्यावर सर पक्के मराठी. ''आपण चहा घेऊ या का?'' हे त्यांचंच वाक्य. वडापाव सांगेपर्यंत 'आपण' टिकतं. पैसे देताना ''सुटे आहेत ना तुमच्याकडे?'' इथे प्रथमपुरुष गळतो.

पण सरांचं खरं प्रभुत्व षष्ठीवर, आणि ते दिसतं निकालाच्या दिवशी. ऐंशीच्या वर गुण पडले तर 'माझा विद्यार्थी'. पन्नास-साठवाला 'आपला पोरगा'. नापास झालेला 'तुमचा मुलगा', आणि त्याची आई रडत आली तर 'शाळेचा विद्यार्थी'.

असाच एक 'तुमचा मुलगा' पुरवणी परीक्षेत इंग्रजीत सुटला. दुसऱ्या दिवशी नाक्यावर त्याच्या फोटोसह फ्लेक्स: 'आमचा यशस्वी विद्यार्थी'. बाप पेढे घेऊन आला आणि भीत भीत म्हणाला, ''सर, एकदाचं सांगून टाका. हा आता आमचा की तुमचा?''

सरांनी पेढा तोंडात टाकला, वही उघडली, त्याच्या नावापुढची रेघ बोटाने धरली.

''शेवटचा हप्ता राहिलाय. तोवर तुमचाच.''