खाऊचा रतीब

"खोकं आलंय बघ तुझं," माई कुंपणापलीकडून म्हणाल्या. "आत घे आधी. गेल्या खेपेसारख्या मुंग्या लागायला नकोत."

मुंग्यांचं प्रकरण आमच्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. जुलैमध्ये आम्ही दहा दिवस रत्नागिरीला नणंदेकडे गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी खाऊचं खोकं आलं. कुरिअरवाल्याने ते फाटकाच्या खांबावर ठेवलं, फोटो काढला, 'पोचवले' म्हणून नोंद केली आणि गेला. आम्ही परतलो तेव्हा पुठ्ठा भिजून लोंबत होता, आणि गुळाची चिक्की घेऊन मुंग्यांची रांग खांबावरून थेट माईंच्या कढीपत्त्यापर्यंत गेली होती. त्यामुळे त्या खोक्यावर बोलायचा हक्क आपल्यालाही आहे, असं माईंनी तेव्हापासून धरलंय.

"आज काय काय आलंय?" त्यांनी मेंदीच्या भगदाडातून मान पुढे काढली. कुंपणाला ते भगदाड समोरच्यांच्या कुत्र्याने पाडलं. ते बुजवायचं आम्ही दोघींनीही मनावर घेतलेलं नाही.

मी खोकं उघडलं. वर कागदाच्या कातरणाचा ढीग, त्याखाली आठ पाकिटं. पाचवं का सहावं पाकीट बाहेर काढलं आणि मलाच कसंतरी झालं. त्यावर लिहिलं होतं, 'सांगली स्टाइल भडंग'.

माई हसायला लागल्या त्या थांबेचनात. "अगं, सांगलीत बसून भडंग पोस्टाने मागवतेस? आलं कुठून ते?"

मी उलटून बघितलं. बनवलं हरियाणात, बांधलं बंगळुरात.

"म्हणजे भडंगाची तीर्थयात्राच झाली की! बघू, दे इकडे." त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. माई वीस वर्षं फराळाच्या ऑर्डरी घेतात. त्यांच्या चकलीच्या पिशवीवर स्वतःचा चौदा आकडी परवाना क्रमांक छापलेला असतो, त्यामुळे पाकिटाचा पुढचा भाग त्या वाचतच नाहीत, मागचा वाचतात. "निव्वळ वजन ३० ग्रॅम. किंमत ४५. हे बघ, ग्रॅमचा भावसुद्धा छापलाय, आता छापावाच लागतो. ग्रॅमला दीड रुपया. म्हणजे किलोला दीड हजार! गणपती पेठेत पाव किलो पन्नास-साठला मिळतं, तेही लसूण दिसेल असं."

"माई, ते बिनतेलाचं आहे."

"बिनतेलाच्या भडंगाला आम्ही चिरमुरे म्हणतो."

मग त्या आत जाऊन पिठाचा वजनकाटा घेऊन आल्या. कुंपणालगतच्या धुण्याच्या दगडावर काटा ठेवला आणि म्हणाल्या, "घाल एकेक." काय करणार, घातलं. नाचणीचे चिप्स ३०, ज्वारीचे फुगे २०, खाकरा ४०, चिक्की २५, बिया आणि सुकामेवा २५, बाजरीच्या काड्या ३०. काट्यावर पाकिटासकट दोन-चार ग्रॅम जास्तच भरत होतं. माईंनी मोठ्या मनाने छापील आकडा धरला.

"हे भडंग धरून सात झाली. आठवं?"

"मखाणे. २० ग्रॅम. ते… संपले."

"आत्ता तर खोकं उघडलंस."

"ते वरच होते, मघाशीच काढून ठेवले." पलीकडच्या व्हरांड्यात माईंचे यजमान, अण्णा, पेपर वाचत होते. त्यांनी पेपर जरा वर धरला.

माईंची बेरीज तोंडी चालते. "सगळा खाऊ २२० ग्रॅम. आता रिकामं खोकं ठेव." कातरणासकट खोकं भरलं ३१० ग्रॅम. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मीच मुठीने काटा दाबला असावा. "तू दिलेस किती?"

"पहिलं १९९ ला होतं…"

"पहिलं नको सांगू. चहाच्या पावडरीवर वाटी फुकट असते तेव्हा वाटीचं कौतुक पहिल्या दिवशीच असतं. आत्ताचं सांग."

"५९९."

"म्हणजे किलोला २,७०० च्या वर गेलं. त्यात दोन किलो काजू येतील आणि वर रिक्षाचे पैसे सुटतील. आणि पाकिटांवरच्या किमतींची बेरीज होतेय ४७०. वरचे १२९ कसले?"

"घरपोच आणण्याचे. शिवाय ते निवडून देतात माई. दर महिन्याला काहीतरी नवं, आपल्या आवडीप्रमाणे."

"भाजीवाला वांगी निवडून देतो, त्याचे वेगळे घेतो का?" त्यांनी नाचणीच्या चिप्सचं पाकीट उचललं. "घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, ठाऊक आहे ना? जे जास्त ते आधी. तर आधी काय आहे, तांदळाचं पीठ. मग मका. मग पाम तेल. नाचणी बघ कुठे बसलीय, लग्नाच्या पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी. १२ टक्के."

खरं सांगते, मी हे घेतलं तेव्हा मनात हिशेब वेगळा होता. पोर शिकायला बाहेरगावी गेलेली, घरात दोघंच. संध्याकाळी चहाबरोबर तळलेलं नको म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. एकेक लहान पाकीट असेल तर हात आवरेल, असं वाटलं. आणि आवरतोही, चिवड्याचा डबा पुढ्यात असला की मी डबाच संपवते. शिवाय आपल्या नावाचं खोकं येतं, त्यात काय असेल ते ठाऊक नसतं, हीही एक गंमत आहे. या वयात आपल्याला कोण काय पाठवतंय? हे शेवटचं मात्र मी माईंना सांगितलं नाही.

मी वेगळं सांगितलं. "लंडनला माझा भाचा होता तेव्हा त्याच्याकडे 'ग्रेझ'चं खोकं यायचं. २००८ मध्ये निघालेली कंपनी. दाराच्या पत्रपेटीच्या फटीतून आत जाईल एवढंच चपटं खोकं, आत चार कप्पे. लोकांना वेड लागलं होतं म्हणे."

"मग पुढे काय झालं तिचं?"

"पुढे तोच खाऊ दुकानांतून मिळायला लागला. २०१९ मध्ये युनिलिव्हरने कंपनी घेतली."

"बघ, म्हणजे शेवटी दुकानाच्या फळीवरच आलं ना! चव बघायला एकदा खोकं मागवलं, ठीक आहे. आवडलं ते कळलं की वाण्याकडून अर्धा किलो आणावं. तुला यातलं आवडतं काय?"

मी विचार केला. चार महिन्यांची चार खोकी, म्हणजे बत्तीस पाकिटं. त्यांतलं खाकरा आणि त्या बिया, एवढंच मला परत हवंसं वाटलं होतं. खाकरा तर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतो.

पण माईंचा किलोचा हिशेब मला अगदीच पटला होता असं नाही. "तुम्ही दिवाळीला भाचीला अमेरिकेला चकल्या पाठवता," मी म्हटलं, "कुरिअरचं भाडं चकल्यांहून जास्त होतं. तिथे का नाही लावत काटा?"

माई क्षणभर गप्प बसल्या. कढीपत्त्याची दोन पानं उगाच खुडली. "तिला तिथे मिळत नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि मिळालं तरी ते माझ्या भाजणीचं नसतं." मग लगेच सावरून, "तुझं भडंग तुझ्या लेकीला पाठव बंगळुराला. तिथे त्याची किंमत आहे. तुला इथे कशाला?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सोलापूरची शेंगाचटणी, नाशिकचा चिवडा, असं गावोगावचं भरलेलं खोकं परगावी एकट्या राहणाऱ्या पोराला गेलं तर ५९९ ला महाग म्हणवणार नाही. मी मात्र पेठेपासून रिक्षाने दहा मिनिटांवर राहते.

"बरं, मला सांग," माई मूळ मुद्द्यावर आल्या, "तू रत्नागिरीला होतीस तेव्हा दुधाचं काय केलंस?"

"खाडा धरायला सांगितला. कॅलेंडरवर मांडलाय की."

"हां. दुधाचा रतीब, त्यात खाडा. पेपरचाही तसाच. मग याला खाडा का नाही? हाही रतीबच ना? ज्या रतीबाला खाडा नाही तो मी तरी लावायची नाही, मग तो अमृताचा का असेना."

इथे अण्णांनी पेपर खाली ठेवला. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि पैशाचा विषय निघाला की त्यांना आत बसवत नाही. "पैसे कापायच्या आधी चोवीस तास तुला मेसेज येतो, येतो की नाही? १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे तो. पंधरा हजारांपर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून त्या मेसेजकडेच लक्ष ठेवायचं."

"येतो हो. पण विजेच्या बिलाचा, सिलिंडरचा, साडीच्या सेलचा, सगळेच येतात. वाचतं कोण?"

"आणि बंद करून बघितलंस का?"

बघितलं होतं. ती एक वेगळीच कथा. बंद करायचं बटण शोधायला ॲपमध्ये पाच ठिकाणी गेले. सापडलं तर एक रडका शेंगदाणा पुढे आला, 'खरंच जाताय?' म्हणाला. पुढच्या पानावर कारण विचारलं. त्याच्या पुढच्या पानावर दोनशे रुपये सूट. 'राहते' हे बटण हिरवंगार, पोळपाटाएवढं; 'जाते' हे राखाडी, जिऱ्याच्या दाण्याएवढं. सुटीच्या मोहात मी हिरवं दाबलं आणि आणखी तीन महिन्यांना अडकले.

अण्णा उठून कुंपणापाशी आले. "नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने मार्गदर्शक तत्त्वं काढली, ग्राहकाला फसवायच्या तेरा तऱ्हा त्यात लिहिल्यात. घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवायचं, ही त्यातलीच एक. शेंगदाण्याशी बोलत बसू नकोस. ऑटोपे यूपीआयवर आहे ना? मग खोकंवाल्याकडे जायचंच नाही. तुझ्या यूपीआयच्या ॲपमध्ये ऑटोपेची यादी असते, तिथून रद्द कर."

तिथेच उभ्याउभ्या केलं. यादी उघडली, कंपनीचं नाव, रद्द, पिन. अर्धा मिनिटसुद्धा लागला नाही. त्या यादीत एक सिनेमाचं ॲपही निघालं. ते मी दोन वर्षांत उघडलेलं नव्हतं. तेही उडवलं. माईंना ते दिसलं, पण भडंगाच्या नादात त्या काही बोलल्या नाहीत.

"ती खोकी टाकू नकोस हं," त्या काटा उचलत म्हणाल्या. "पुठ्ठा चांगला जाड आहे. चकल्या मोडणार नाहीत त्यात." तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली आणि त्या लगबगीने गेल्या.

अण्णा थांबले. कढीपत्त्याला पाणी कमी पडतंय का, असं काहीतरी बघितल्यासारखं केलं. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे एक नजर टाकली. रक्तदाब म्हणून माईंनी त्यांचं मीठ तोडलंय, लोणच्याची बरणीसुद्धा वरच्या फळीवर गेलीय.

"रद्दच केलंस म्हणजे?" त्यांनी हळूच विचारलं. "मी म्हटलं म्हणून लगेच?"

"हो, तुम्हीच सांगितलंत ना."

"हं. बरं केलंस." मग भगदाडातून हात पुढे आला. "यातले मखाणे पुदिन्याचे आहेत, का ते खारे?"